टू माय स्टार (दुसरे पर्व)

'टू माय स्टार' या दक्षिण कोरियन समलिंगी प्रेमकथेचे दुसरे पर्व जून २०२२ मध्ये प्रदर्शित झाले. दहा भागांच्या या पर्वाला 'अवर अनटोल्ड स्टोरीज', म्हणजे 'आमच्या न सांगितलेल्या गोष्टी', असे उपशीर्षक आहे. दिग्दर्शन ह्वांग दासुल यांचे, निर्मिती एनर्जेडिक कंपनी या संस्थेची. प्रसिद्ध नट कांग सोजुनची भूमिका सोन ऊह्योन यांनी आणि आचारी हान जीऊची किम कांगमिन यांनी केली. दोघेही पहिल्या पर्वात होतेच. कोरियाबाहेरच्या प्रेक्षकांना मालिका मुख्यतः व्हिकी या मंचावर पाहता आली. दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या मालिकांना 'बीएल' म्हणतात. जपानी 'बॉईज लव्ह'चे हे लघुरूप भारतातल्या चाहत्यांच्याही तोंडी रुळले आहे. कोरियन बीएलमध्ये दुसरे पर्व निघणे दुर्मिळ, आणि निघाले तरी त्याच दोन माणसांची गोष्ट पुढे नेणे आणखी दुर्मिळ. या पर्वाची दखल घ्यावी लागते ती त्यामुळे.

नाव

मालिकेचे मूळ कोरियन नाव 'नाए ब्योरेगे'. 'ना' म्हणजे मी, 'नाए' म्हणजे माझा, 'ब्योल' म्हणजे आकाशातला तारा आणि 'एगे' हा चतुर्थीचा प्रत्यय. मराठीत सरळ 'माझ्या ताऱ्यास'. हा '-स' महत्त्वाचा आहे, कारण कोरियनमध्ये पत्राची सुरुवात याच प्रत्ययाने होते, जशी आपल्याकडे 'तीर्थरूप बाबांस' अशी होई. म्हणजे हे नाव नुसता उल्लेख नाही, पत्राचा मायना आहे. मायन्याखाली मजकूर काय, हा प्रश्न पहिल्या पर्वात फारसा पडत नाही. दुसऱ्या पर्वात तोच गळ्याशी येतो, कारण तिथे एकजण फार काही न सांगता निघून गेलेला असतो.

तारा म्हणजे चंदेरी दुनियेतला तारा, हा श्लेष उघड आहे. सोजुन नट आहे, म्हणून तो तारा. पण दुसरे पर्व बघताना हा मायना नेमका कोणी कोणाला लिहिला, याची खात्री कमी होत जाते.

पहिले पर्व

पहिले पर्व २२ जानेवारी २०२१ पासून प्रदर्शित झाले. भाग नऊ, आणि तेही छोटे. सगळे जोडले तर एक चित्रपट होईल एवढाच ऐवज, आणि पुढे तसा सलग चित्रपट करूनही ते दाखवले गेले. रोज रात्री अर्धा तास याप्रमाणे वर्षानुवर्षे चालणाऱ्या मराठी मालिकांची सवय असलेल्याला हे आटोपशीरपण आधी चुकल्यासारखे वाटते, मग बरे वाटते.

कथा साधी आहे. लोकप्रिय नट सोजुन एका वादात सापडतो आणि काही काळ लोकांच्या नजरेआड राहण्यासाठी जीऊच्या घरी येऊन टेकतो. सोजुन बडबड्या, गळेपडू, घरभर वावरणारा. जीऊ मोजके बोलणारा, आपल्या स्वयंपाकघराच्या शिस्तीत जगणारा, कोणी जवळ आले की पाऊलभर मागे सरकणारा. या दोघांचे सूत जमणार हे पहिल्या भागातच कळते. गंमत ते कसे जमते याची आहे. शेवटी दोघे एकत्र येतात आणि बीएलचा प्रेक्षक ज्यासाठी बसलेला असतो ते त्याला मिळते.

कोरियन तरुणांच्या बोलीत 'सम' नावाचा एक शब्द आहे. इंग्रजी 'समथिंग'चा हा तुकडा. दोघांत काहीतरी आहे पण अजून कोणी बोललेले नाही, त्या अवस्थेला 'सम' म्हणतात. त्यानंतर येतो 'गोबेक', म्हणजे मनातले सांगून टाकणे. बहुतेक कोरियन बीएल मालिका 'सम'पासून निघतात आणि 'गोबेक'नंतर थोड्याच वेळात संपतात. पहिल्या पर्वाचीही वाट तीच. 'गोबेक' झाल्यावर घरात भांडी कोण घासणार, कामाच्या वेळा जुळणार कशा, जुन्या जखमा उघड्या पडल्या तर काय, हे सगळे शेवटच्या चौकटीच्या पलीकडे राहते.

कथानक आणि मांडणी

दुसरे पर्व त्या पलीकडच्या जागेतून सुरू होते. सोजुन आणि जीऊ एकत्र राहू लागलेले असतात, आणि एके दिवशी जीऊ निघून जातो. भांडण नाही, खुलासा नाही. सोजुन सैरभैर होतो, शोध घेतो, आणि बऱ्याच काळाने त्याला जीऊ सापडतो तो शहरापासून दूर एका लहानशा गावात. जीऊ परक्यासारखा वागतो. सोजुन परत जायला तयार नसतो. शहरातला प्रसिद्ध नट त्या गावात ठाण मांडून बसतो, आणि इथून पुढे मालिका ही या दोघांतली ओढाताण आहे.

अशा जाण्याला कोरियनमध्ये नाव आहे : 'जाम्सु-इब्योल'. 'जाम्सु' म्हणजे पाण्याखाली जाणे, 'इब्योल' म्हणजे ताटातूट. बुडी मारून केलेली ताटातूट. फोन लागत नाही, निरोपाला उत्तर येत नाही, माणूस पाण्याखाली गेल्यासारखा दिसेनासा होतो. आपण 'दडी मारली' म्हणतो, पण त्यात थोडा मिश्कीलपणा आहे आणि दडी मारणारा कर्जदार किंवा शाळा चुकवणारा पोरगाही असू शकतो. 'जाम्सु-इब्योल'मध्ये मिश्कीलपणा नाही. मागे राहिलेल्याला संबंध संपला की नाही हेसुद्धा ठरवता येऊ नये, अशी ही ताटातूट. प्रेमभंगाच्या प्रकारांत कोरियन तरुण तिला सगळ्यात वाईट मानतात, आणि मालिकेने नेमका हाच प्रकार जीऊच्या माथी मारला आहे. पहिल्या पर्वात ज्याच्या बाजूने प्रेक्षक उभा होता तोच इथे गुन्हेगार दिसतो.

पूर्वार्ध मुख्यत्वे सोजुनच्या बाजूने सांगितला आहे. आपल्याला त्याच्याइतकेच माहीत असते. जीऊचा थंड चेहरा, तुटक उत्तरे, दार लावून घेणे, हे सगळे आपण सोजुनच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्याबरोबर चिडतो. मग मालिका बाजू बदलते. तोच काळ जीऊच्या अंगाने उलगडू लागतो, आणि आधी जी जागा रिकामी होती तिथे काय चालले होते ते कळते. जीऊ का गेला याचे उत्तर तिथे आहे. ते या नोंदीत फोडण्यात अर्थ नाही, कारण पर्वाचा सगळा डोलारा त्या उशिरावर उभा आहे. एवढे सांगता येईल की कारण सोजुनच्या एखाद्या चुकीत नाही. ते जीऊने स्वतःविषयी करून घेतलेल्या समजात आहे.

एकच काळ दोनदा दाखवण्याची युक्ती जुनी आहे, रहस्यकथांत तर सर्रास. इथे ती वेगळ्या कामाला लावली आहे. दुसऱ्यांदा पाहताना नवा पुरावा हाती लागत नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या मौनाला आतून पाहता येते, इतकेच. किम कांगमिन यांच्या अभिनयाची खरी परीक्षा इथे आहे. पूर्वार्धात जो चेहरा निर्विकार वाटला पाहिजे, तोच उत्तरार्ध कळल्यावर पुन्हा पाहिला तर सोसणारा वाटला पाहिजे, आणि दोन्ही वेळा चेहरा एकच. ते त्यांनी साधले आहे. सोन ऊह्योन यांचे काम वरवर सोपे वाटते. पहिल्या पर्वातला गळेपडूपणा त्यांनी तसाच ठेवला, फक्त त्याखालचा आत्मविश्वास काढून घेतला. त्यामुळे सोजुनचे विनोद आता विनवणीसारखे ऐकू येतात.

मांडणीत दोष नाही असे नाही. मधल्या भागांत एकाच प्रकारचा नकार इतक्या वेळा येतो की जीऊच्या मौनापेक्षा पटकथेचे मौन जाणवू लागते. शेजारून जाणारी दुसऱ्या जोडीची हलकीफुलकी गोष्ट थोडा श्वास देते, पण तिचा सूर मुख्य कथेशी नेहमी जुळत नाही. शेवट मात्र गोड आहे. बीएलच्या प्रेक्षकाशी झालेला अलिखित करार मालिकेने मोडलेला नाही, फक्त वसुली लांबवली आहे.

बोलण्याची पातळी

ही मालिका, किंवा कुठलीही कोरियन प्रेमकथा, इंग्रजी उपशीर्षकांतून (सबटायटल) पाहणाऱ्याच्या हातून एक मोठी गोष्ट निसटते. ती म्हणजे अहो-जाहो आणि अरे-तुरे. कोरियन क्रियापदाच्या शेवटावरून बोलणारा समोरच्याला किती मान देतो ते ठरते. आदराच्या बोलीला 'जोन्देन्माल' म्हणतात, सलगीच्या बोलीला 'बान्माल'. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच 'यू' येतो. मराठी कानाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लग्नानंतर 'अहो'वरून 'अरे'वर यायला काही जोडप्यांना वर्ष लागे, काहींना जन्म पुरत नसे.

कोरियनमध्ये ही पायरी उतरताना बहुधा विचारले जाते. वाक्प्रचार आहे 'मारुल नोता', शब्दशः बोलणे खाली ठेवणे किंवा सैल सोडणे. 'मी बोलणं खाली ठेवू का?' असे एकजण विचारतो, दुसरा हो म्हणतो, आणि पुढच्याच वाक्यापासून क्रियापदांच्या शेपट्या गळून पडतात. बीएल मालिकांत हा क्षण अनेकदा पहिल्या चुंबनाइतका जपून लिहिलेला असतो. त्यात वयाचा हिशोबही येतो. लहान मुलगा मोठ्याला 'ह्योंग' म्हणतो, म्हणजे दादा. शब्द नात्यातला, पण प्रेमात तो वेगळाच रंग घेतो. आपल्याकडे नुसते 'दादा' म्हटले की नाते भावाचे होऊन बसते, म्हणून मराठीत 'ह्योंग'साठी 'दादा' चालत नाही. काही भाषांतरकार 'ह्योंग' तसाच ठेवतात, आणि तेच बरे.

याचा उलटा प्रवासही शक्य असतो. सलगीच्या बोलीवर आलेला माणूस पुन्हा आदराच्या बोलीत बोलू लागला, तर ते दार लावून घेण्याइतके स्पष्ट असते. तुटलेल्या संबंधांच्या कोरियन गोष्टींत हे हत्यार नेहमी वापरले जाते. घरात रोज 'अरे' म्हणणाऱ्याने एके सकाळी 'आपण बसा' म्हणावे, तसे ते लागते.

व्हिकीवरची बरीच उपशीर्षके स्वयंसेवक तयार करतात. आधी एकजण चित्रफितीचे बोलण्यानुसार तुकडे पाडतो, मग दुसरा त्यात भाषांतर भरतो, मग संपादक तपासतो. पैसे मिळत नाहीत. हे काम हौसेवर चालते, आणि हौशी माणूस कंसात टीप द्यायला मागेपुढे पाहत नाही. म्हणून एखादा कोरियन पदार्थ, शब्दावरची कोटी किंवा बोलीतला बदल तिथे कधीकधी उलगडून मिळतो.

निर्मिती

कोरियन बीएल मालिकांची सुरुवात सहसा मे २०२० मधल्या 'व्हेअर युवर आईज लिंगर'पासून मोजतात. ती एनर्जेडिक कंपनीची आणि दिग्दर्शन ह्वांग दासुल यांचेच. त्याआधी स्ट्रॉंगबेरीसारखे छोटे निर्माते लघुपट काढत होते, पण मालिका म्हणून बाहेरच्या प्रेक्षकापर्यंत पोचलेली ही पहिली ठळक कलाकृती. वेळ जुळून आली होती. करोनाच्या टाळेबंदीत जग घरी बसले होते, थायलंडच्या 'टुगेदर' या बीएल मालिकेने आशियाभर या प्रकाराचे वेड लावले होते, आणि कोरियन निर्मात्यांकडे कसलेले तंत्रज्ञ तयार होते. ह्वांग यांनी नंतर 'टू माय स्टार'ची दोन्ही पर्वे आणि मधे 'ब्लूमिंग' केले. घरातला उजेड, खिडकीजवळची जेवणाची मेज, लांबलेली शांतता ही त्यांची खूण.

या मालिका वेब ड्रामा म्हणून निघतात. मोठ्या वाहिन्यांचा पैसा त्यात नसतो, म्हणून भाग छोटे, पात्रे थोडी, ठिकाणे त्याहून थोडी. एक घर, एक उपाहारगृह, एक रस्ता. दोन माणसांवरच कॅमेरा राहतो तो कलेच्या हट्टापायी, तसाच खिशाच्या अडचणीपायीही. दुसऱ्या पर्वात भाग लांबले आणि कथा शहराबाहेर पडली. 'टू माय स्टार' स्वतंत्र पटकथेवर उभी आहे. याउलट फेब्रुवारी २०२२ मध्ये 'वॉचा' या मंचावर आलेल्या 'सिमँटिक एरर'ला मूळ वेबकादंबरीचे हजारो वाचक आयते लाभले होते. ती आठ भागांची मालिका इतकी गाजली की कोरियातही बीएल हा आडबाजूचा प्रकार राहिला नाही, आणि ऑगस्टमध्ये तिचा चित्रपट चित्रगृहांत लागला. 'टू माय स्टार'चे दुसरे पर्व या लाटेवरच आले.

मग दुसरी पर्वे कमी का? एक कारण सगळ्या कोरियन मालिकांना लागू होते. सोळा भागांत गोष्ट संपवायची ही त्यांची जुनी रीत. दुसरे कारण सक्तीची लष्करी सेवा. धडधाकट पुरुषाला विशीत साधारण दीड वर्ष द्यावे लागते, आणि बीएलमधले बहुतेक नट नेमके त्याच वयाचे असतात. 'सिमँटिक एरर'चा एक नायक, पार्क सोहाम, मालिका सुरू असतानाच्या मार्चमध्ये सेवेत रुजू झाला. प्रसिद्धी कळसाला आणि माणूस मात्र गैरहजर. तिसरे कारण बोलून दाखवले जात नाही. एकदा समलिंगी भूमिका केली की जाहिराती आणि मोठ्या वाहिन्यांची कामे मिळतील की नाही, ही धास्ती. दोन्ही मुख्य नट त्याच भूमिकांसाठी परत आले, हे 'टू माय स्टार'च्या बाबतीत गृहीत धरण्यासारखे नव्हते.

मालिकेबाहेरचा कोरिया

पडद्यावरच्या कोरियात दोन पुरुष हात धरून गावातून चालतात. पडद्याबाहेर समलिंगी विवाहाला मान्यता नाही. समलिंगी संबंध सामान्य कायद्याने गुन्हा नाहीत, पण लष्करी दंडसंहितेच्या कलम ९२-६ मध्ये शिक्षेची तरतूद आहे. २१ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे हे पर्व येण्याच्या काही आठवडे आधी, दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तळाबाहेर, कामाच्या वेळेबाहेर, परस्परसंमतीने झालेल्या संबंधांना हे कलम लावता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एका समलिंगी जोडप्याला राष्ट्रीय आरोग्य विम्यात जोडीदार म्हणून सामावून घेण्याचा हक्क मान्य केला. विवाह मात्र अजून नाही.

मनोरंजनाच्या धंद्यात याचा अनुभव जुना आहे. नट होंग सोकचॉन यांनी २००० साली आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले आणि त्यांची दूरचित्रवाणीवरची कामे गेली. २०१० मध्ये एका मोठ्या वाहिनीवरच्या कौटुंबिक मालिकेत समलिंगी जोडपे दाखवले, तेव्हा विरोधकांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात मात्र, 'टू माय स्टार'चे हे पर्व संपण्याच्या सुमारास, वेव्ह या मंचावर समलिंगी पुरुषांचा प्रेमजुळणीचा कार्यक्रम सुरू झाला. वारे दोन्ही दिशांनी वाहतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'लव्ह इन द बिग सिटी' ही समलिंगी तरुणाची मालिका आली तेव्हा परंपरावादी गटांनी निदर्शने केली.

'टू माय स्टार'मध्ये कायदा, चर्च, मोर्चा यातले काही येत नाही. बीएलवर नेहमीचा आक्षेप हाच, की ते समलिंगी माणसांचे जग नसून त्यांच्याकडे हौसेने पाहणाऱ्या, मुख्यतः स्त्री, प्रेक्षकांनी कल्पिलेले जग आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरी आपल्यामुळे जोडीदाराचे नुकसान होईल या भीतीने आधीच बाजूला होणारा जीऊ हा पूर्णपणे कल्पनेतला माणूस नाही, आणि सोजुन नट आहे, ज्याच्या नावाला डाग लागला तर पोटच जाते, हेही योगायोगाने ठरलेले नसावे.

प्रतिसाद

चाहत्यांत दुफळी झाली. पहिल्या पर्वाच्या गोडव्यासाठी आलेल्यांना सुरुवातीचे भाग सोसवेनात, आणि जीऊवर राग निघाला. दुसऱ्या गटाला हेच पर्व उजवे वाटले, कारण प्रेम जमल्यानंतरच्या अडचणींना त्यात जागा मिळाली. आठवड्याला थोडे थोडे भाग मिळत असताना पाहिलेल्यांचा राग अधिक टिकला. उत्तरार्ध हाती येईपर्यंत त्यांना सोजुनसारखेच ताटकळावे लागले होते. नंतर सलग पाहणाऱ्याला ती शिक्षा भोगावी लागत नाही, त्याच्या हाती जीऊचे कारण दोन-तीन तासांत येते.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला 'कलर रश' या दुसऱ्या कोरियन बीएलचेही दुसरे पर्व आले. तिचा नायक जन्मापासून सगळे करडे पाहतो, आणि एका विशिष्ट मुलाचा चेहरा दिसला की त्याला रंग दिसू लागतात. पहिल्या पर्वात तो मुलगा झालेला नट दुसऱ्या पर्वात नव्हता, त्यामुळे कथेला त्याच्यावाचून पुढे जावे लागले. २०२३ च्या 'लव्ह क्लास'च्या दुसऱ्या पर्वाने तर पात्रेच बदलली आणि नुसते नाव ठेवले.